बारावा निरंक

“आज गमबूट चढवताय म्हणजे खरंच पाण्यात उतरणार वाटतं,” लाँड्रीवाल्या वहिनी काठावरून म्हणाल्या. “इतके दिवस हे बूट पिशवीत बसून यायचे आणि पिशवीत बसूनच परत जायचे.”

नमुनेकाका पायरीवर बसून बूट चढवत होते. पडून राहून उजव्या बुटाचे रबर आतून चिकटले होते. त्यांनी दोनदा पाय घातला आणि दोनदा काढला.

“वहिनी, तुमचं मशीन चालू आहे ना? तिकडे लक्ष द्या की.”

“मशीनला लक्ष लागत नाही हो, भाऊजी. तेच तर वाईट आहे.”

तिसऱ्या खेपेला बूट चढला. काकांनी पांढरा ट्रे, भिंग आणि मऊ ब्रश घेतला आणि ते ओढ्यात उतरले. पाणी गुडघ्याच्या बरेच खाली होते, पण पाय टाकताना त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला. सवय मोडली होती.

एकतीस वर्षे ते या ओढ्याचे नमुने घेत होते, म्हणून प्रयोगशाळेत त्यांचे नाव नमुनेकाका पडले. मागे बोलताना लोक ‘काका’ही गाळत. नमुना घ्यायला आपला नमुना गेलाय, हा विनोद तिथे प्रत्येक नव्या माणसाला एकदा ऐकवला जाई. काकांची त्याला हरकत नव्हती. त्यांची बायकोसुद्धा कचेरीत फोन करून, “आमचे नमुने आहेत का जागेवर?” असेच विचारायची.

काम दोन भागांचे होते. आधी पाणी बाटल्यांत भरायचे आणि तपासायला द्यायचे. मग ठरलेल्या पाच जागी दहा-दहा दगड उलटायचे आणि त्यांच्या बुडाला चिकटलेले जीव मोजायचे. बाटलीतले पाणी आजचे असते, पण दगडाखालचा जीव महिनोन् महिने त्याच पाण्यात काढतो. त्यामुळे ओढ्याची तब्येत खरी कळते ती दगड उलटल्यावर. जो आकडा येईल तो तक्त्यातल्या चौकोनात लिहायचा. काहीच नसेल तर लिहायचे, ‘निरंक’.

वर्षापूर्वी वरच्या अंगाला रंगाच्या कारखान्याची टाकी फुटली आणि ओढा तीन दिवस जांभळा वाहिला. पहिल्या दिवशी मासे वर आले, दुसऱ्या दिवशी बेडूक. चौथ्या दिवशी पाणी निवळले, तेव्हा वर यायला काही उरलेच नव्हते. वहिनी तेव्हा इस्पितळाच्या चादरी ओढ्यावर धूत. त्या चादरींना जे डाग पडले ते निघाले नाहीत, आणि इस्पितळाने काम काढून घेतले. वहिनींनी काठावरच्या खोलीत मशीन बसवले. काठावरची निम्मी बिऱ्हाडे उठून गेली.

मग पालिकेच्या समितीने ठरवले की सलग बारा महिने निरंक आले, तर ओढा मेला असे समजायचे. नकाशावर त्याचा नाला करायचा आणि वरून स्लॅब टाकायचा. स्लॅबवर दुकानांचे गाळे निघणार होते, आणि पहिल्या रांगेतला एक वहिनींना कबूल झाला होता.

आज बारावा महिना होता.

पहिले चार महिने काकांनी पन्नासच्या पन्नास दगड उलटले होते. एकाखालीही काही नव्हते. पाचव्या महिन्यात बायकोला इस्पितळात दाखल केले, आणि त्या महिन्यापासून काकांनी दगड उलटणे सोडले. तारखेला ते यायचे, बाटल्या भरायचे, पायरीवर बसायचे आणि निरंक लिहून जायचे. चार महिन्यांत आले नाही ते पाचव्यात कुठून येणार, असे ते सुरुवातीला स्वतःला सांगत. बायको गेल्यावर तेवढे सांगायचीही गरज राहिली नाही. घरी कुलूप काढून आत कोणी नाही हे रोज पाहावे लागत होते. पन्नास दगडांखाली पुन्हा तेच पाहायला त्यांचे हात धजत नव्हते.

कोणी हटकले नसते. पण काल प्रयोगशाळेतल्या मॅडमनी अहवालाचा कच्चा मसुदा त्यांच्यापुढे ठेवला. मॅडम त्यांच्या मुलीच्या वयाच्या. “काका, एवढं बघून द्या,” म्हणाल्या. “पाणी सहा महिन्यांपासून चांगलं येतंय, प्राणवायूसुद्धा वाढलाय, पण जीव नाही. तुम्ही म्हणालात ना, तळात विष बसलं असेल? तसंच लिहिलंय मी.” काकांनी उभ्या उभ्या ते वाक्य दोनदा वाचले. ‘ओढ्याचा तळ कायमचा बाधित झाला आहे.’ सहज तोंडातून गेलेला त्यांचा शब्द तिथे टाइप होऊन बसला होता.

पहिल्या जागी दहा दगड उलटले. बुडाला नुसते तपकिरी बुळबुळीत शेवाळ. दुसऱ्या जागी शेवाळ जाड होते, बाकी काही नाही. आता कंबर दुखू लागली. तिसरी जागा वळणावर, टेकडीवरून येणारा बारीक झरा जिथे ओढ्याला मिळतो तिथे होती. तिथला सातवा दगड काकांनी उलटला आणि ते तसेच वाकून राहिले.

दगडाच्या बुडाला वाळूच्या कणांच्या नळ्या चिकटल्या होत्या. जेमतेम नखाएवढ्या. काकांनी दगड ट्रेमधल्या पाण्यात धरला आणि वाट पाहिली. थोड्या वेळाने एका नळीतून काळे डोके बाहेर आले, मग सहा पाय. नळीला ओढत ती अळी दोन पावले चालली आणि थांबली. पुस्तकात तिचे नाव लांबलचक आहे. काका तिला बिऱ्हाड म्हणत, कारण ती वाळूचे कण जोडून घर करते आणि ते पाठीवर घेऊनच हिंडते.

त्यांनी बिऱ्हाडे मोजली. अकरा. पुन्हा मोजली. अकराच, पण त्यांतल्या दोन नळ्यांची तोंडे बारीक खड्यांनी बंद केलेली होती. पंख फुटायची वेळ आली की अळी घराचे दार असे बंद करून घेते. तिथवर यायला तिला सहा-सात महिने लागतात. काकांनी बोटांवर मागे मोजत नेले, आणि मग बोटे मिटून घेतली.

“काही मिळालं वाटतं,” वहिनी म्हणाल्या. त्या साडीचा ओचा धरून पायऱ्या उतरून आल्या होत्या.

काकांनी ट्रे पुढे केला.

“ही? एवढीशी?” वहिनींनी वाकून पाहिले. “हिच्यापायी माझा गाळा जाणार?”

“जाईल.”

“मग नका लिहू.” त्या अगदी शांतपणे म्हणाल्या. “सात महिने मी खिडकीतून बघतेय, भाऊजी. तुम्ही त्या पायरीवर बसायचात आणि लिहून निघून जायचात. मी कुणाला बोलले?”

“नाही.”

“ताई आजारी, मग ताई गेल्या, म्हणून नाही बोलले. सात महिने न बघता लिहिलंत तर चाललं. आता बघून न लिहिलंत तर काय बिघडलं?”

काकांनी दगड जरा तिरका केला, उन्हातल्या नळ्या सावलीत गेल्या.

“बरं, आजच्या तेवढ्या लिहा,” वहिनी म्हणाल्या. “मागचं कशाला उकरायचं?”

“आजच्या एकट्याला कोणी धरणार नाही. मागे अकरा निरंक आहेत. समिती म्हणेल, वरून वाहून आल्या असतील, उद्या मरतील. या इथे सहा-सात महिने राहतायत, हे सांगायचं तर मी बघितलं नव्हतं हे आधी सांगायला लागेल.”

“नोकरी जाईल हो.”

“चार महिने राहिलेत निवृत्तीला.”

“नाव जाईल.”

“नावाला काय, सगळे नमुनाच म्हणतात.”

वहिनी हसल्या नाहीत. त्या खालच्या पायरीवर बसल्या आणि ट्रेमध्ये बघत राहिल्या. आत मशीन थांबल्याची शिट्टी वाजली, तरी त्या उठल्या नाहीत.

“कण कशानं चिकटवते?”

“तोंडातून धागा काढते.”

“आणि आल्या कुठून? तुम्हीच म्हणाला होतात, सगळं मेलं.”

“ओढ्यातलं मेलं. झऱ्यात विष गेलं नव्हतं. तिथे चार-दोन राहिल्या असतील, त्यांची पिल्लावळ खाली उतरली.”

“कुणी आणून नाही सोडल्या?”

“नाही. कोण सोडणार?”

वहिनींनी वर, काठाकडे पाहिले. ओळीतल्या तीन खोल्यांना अजून कुलपे होती, चौथीला नवा पडदा लागला होता. “ते शिंपी आले गेल्या महिन्यात परत,” त्या म्हणाल्या. “मी म्हटलं, काय मेलं आहे इथे तुम्हाला यायला? तर म्हणतात, तिकडे शेजारी बोलतच नाहीत.” मग गुडघ्यावर हात रोवून उठल्या. “मॅडमना मी काही सांगणार नाही. पण तुम्ही सांगू नका, असंही आता म्हणत नाही. बाकी गाळा गेला तर रोज दारात येऊन बोलेन, ते ऐकून घ्यायचं.”

“ऐकीन.”

काकांनी उरलेले दगड उलटले. चौथ्या जागी आणखी सहा निघाल्या, पाचव्या जागी एकही नाही. प्रत्येक दगड त्यांनी पुन्हा त्याच्या खळग्यात, होता तसा बसवला. या सगळ्यात दुपार झाली.

प्रयोगशाळेत मॅडम डबा संपवून हात पुसत होत्या. काकांनी तक्ता त्यांच्यापुढे ठेवला. चौकोनात ‘१७’ होते.

“सतरा?” मॅडम उठून उभ्या राहिल्या. “काका, अहो सतरा! एका महिन्यात?”

“एका महिन्यात नाही. दोघींनी दारं लावून घेतलीयत.”

मॅडम शिकलेल्या होत्या, त्यांना समजायला वेळ लागला नाही. त्या खाली बसल्या.

“मग मागच्या महिन्यांत कशा दिसल्या नाहीत?”

“पाचव्या महिन्यापासून मी दगड उलटलेच नाहीत, मॅडम.”

पंखा फिरत होता. मॅडमनी समोरचा डबा झाकला आणि बाजूला सरकवला.

“मी तुमच्या निरंकवर अख्खा अहवाल लिहिलाय. माझी सही होणार होती त्याच्यावर.”

“हो. म्हणूनच आलो.”

“रजा का नाही घेतलीत? मी नाही म्हटलं असतं का?”

“रजा घेतली असती तर घरी बसायला लागलं असतं.”

मॅडमनी खिडकीकडे तोंड फिरवले. पुन्हा बोलल्या तेव्हा आवाज कोरडा होता. “हे मला वर कळवावं लागेल. चौकशी लागेल. आणि हे सात महिने मोजदादीतून बाद. समिती नव्यानं बारा महिने मोजायला सांगेल.”

“सांगू दे की. मग स्लॅब तर नाही ना पडत?”

“तोपर्यंत नाही.”

“मग झालं. जो कोणी माझ्या जागी येईल, त्याला मी जागा दाखवून ठेवीन. तिसरी जागा वळणामुळे चुकते माणसाला.”

मॅडमनी कपाटातून फाइल काढली आणि सात तक्ते वेगळे करून टेबलावर पसरले. नियम असा होता की चुकीचे लिहिलेले खोडायचे नाही, आधीचे वाचता येईल अशी एकच रेघ मारायची, शेजारी दुरुस्ती लिहायची आणि सही करायची.

“काय लिहाल शेजारी?”

“निरंक म्हणजे बघितलं आणि नव्हतं,” काका म्हणाले. “मी बघितलंच नाही. तेच लिहितो.”

त्यांनी पेन काढले. पाचव्या महिन्याच्या तक्त्यावर रेघ मारली आणि लिहिले, ‘पाहिले नाही’. सही केली, तारीख घातली. मग सातवा महिना, आठवा, नववा, दहावा, अकरावा. मधला एक तक्ता त्यांनी बाजूला ठेवला होता. मॅडमनी तो उचलला, वरची तारीख पाहिली आणि हळूच पुन्हा खाली ठेवला.

“काका, ह्या दिवशी काकू...”

“हो.”

त्या सकाळी बायकोनेच त्यांना पाठवले होते. “आज तारीख आहे ना तुमची? जाऊन या, मी काही पळून जात नाही,” म्हणाली होती. तक्त्यावर पाहणीची वेळ त्यांच्याच अक्षरात होती, दहा ते साडेअकरा. इस्पितळाचा फोन आला तेव्हा अकरा वाजले होते. बाटल्या भरून झाल्या होत्या, आणि काका पायरीवर नुसते बसून होते. साडेअकरा त्यांनी नंतर, अंदाजाने लिहिले होते.

“हा राहू द्या,” मॅडम म्हणाल्या. “ह्या दिवसाचं कोणी विचारणार नाही.”

“नको.”

काकांनी तक्ता पुढे ओढला. निरंकवर रेघ मारताना बाकीच्या सहा वेळी धरली नव्हती ती पट्टी त्यांनी धरली. या तक्त्याची छपाई जुनी होती, चौकोन इतरांपेक्षा लहान होता आणि सगळे एका ओळीत मावेना. त्यांनी ‘पाहिले’ वर लिहिले, ‘नाही’ त्याच्याखाली लिहिले, आणि सहीला जागा उरली नाही म्हणून ती बाहेर, समासात केली.