वार्निशचा तिसरा हात

आमचे हे बँकेतून निवृत्त झाले आणि थेट कप्तान झाले. मधे काही नाही. जुनी शिडाची बोट घेतली, डोक्यावर पांढरी टोपी चढवली आणि म्हणाले, "लेकीच्या बाळंतपणाला समुद्रातून जायचं. नातवंडाला आजोबा शिडाखाली उभे दिसले पाहिजेत." नुकत्याच जन्मलेल्या पोराला वीतभर पलीकडचं दिसत नाही, हे मी सांगून पाहिलं. पण कप्तानापुढे बोलणार कोण?

लेकीने फोनवर एकच मागितलं होतं. "आई, मला आत नेतील तेव्हा तू जवळ हवीस." पहिली वेळ, सासू नाही, आणि जावई सुई बघून आडवा होणारा. मी शब्द दिला. "भरपूर आधी निघतोय, आरामात पोचू," असं सांगून यांनी मला बोटीत बसवलं.

बोटीवरचा संसार म्हणजे एका हाताने फोडणी आणि दुसऱ्या हाताने कठडा. भांडी खाऱ्या पाण्यात, गोडं पाणी फक्त प्यायला. फाटलेलं शीड शिवायचं मी, कारण "तुला सुईची सवय". दोर तपासायचे मी, तळात साचलेलं पाणी हातपंपाने उपसायचंही मीच. कप्तानांकडे वार्निश. जे जे लाकूड माणसाच्या नजरेला पडेल, त्याला एक हात, मग घासणं, मग दुसरा, मग तिसरा. प्रत्येक बंदरात हेच. निघू या म्हटलं की ठरलेलं उत्तर, "वाळू दे." शेजारच्या बोटीवरून कुणी वाहवा केली की मुक्काम आणखी लांबायचा.

"अहो, खाली समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या नळीला आवळणारी पट्टी गंजलीय," मी सांगत होते.

"ती कुणाला दिसतेय?" हे म्हणाले. बडा घर पोकळ वासा, दुसरं काय.

लेकीची तारीख तोंडावर आली आणि आमचा शेवटचा टप्पा उरला. चहा टाकायला खाली उतरले तर पायाला पाणी. नळी सुटली होती. व्हॉल्व्ह बंद करायचा तर तळाची झाकणफळी उचलायला हवी, आणि फळी जागची हलेना. पाहुणे आत डोकावतात म्हणून कप्तानांनी मागच्या बंदरात तिच्यावर तीन हात चढवले होते. फटी दिसू नयेत म्हणून फटींतसुद्धा. फळी जमिनीला चिकटून बसलेली.

"कडेने हळू उचल, ओरखडा येईल," हे घोटाभर पाण्यात उभे राहून म्हणाले.

मी हातोडा आणला. पहिल्या घावाला यांचा चेहरा असा झाला, जणू घाव त्यांच्याच टाळक्यात बसलाय. मनात तेही येऊन गेलं, खोटं कशाला बोलू. फळीचे तुकडे झाले तेव्हा आत हात घालून मी व्हॉल्व्ह बंद केला. मग आळीपाळीने पंप मारत बसलो. माझी पाळी असली की हे फळीचे तुकडे जुळवून बघत.

कसेबसे वाटेतल्या बंदराला लागलो. मी नवी नळी, नवी पट्टी बसवली. आता निघालो असतो तर उद्या लेकीच्या दारात. तेवढ्यात कप्तान नवी फळी आणि वार्निशचा डबा घेऊन आले.

"फुटक्या जमिनीची बोट जावयाला दाखवू? तीन हात देतो, मग निघू."

"लेक वाट बघतेय."

"अगं, वाळू तर दे."

मी पिशवीत कपडे कोंबले आणि धक्क्यावर उतरले.

"मी एकटा बोट कशी आणू?" यांनी विचारलं. टोपी हातात होती. पंप कुठे ठेवलाय ते त्यांना दाखवलं आणि बस गाठली.

लेकीला आत न्यायलाच निघाले होते, तेवढ्यात मी दवाखान्यात पोचले. तिने माझा हात असा धरला की बांगडी रुतली. मग माझ्यामागे बघत तिने विचारलं, "बाबा कुठेत?"

"वाळतायत," मी म्हटलं.