एकोणीस नंबरची टेकडी

उपसंपादकाला ऑफिसात सगळे ‘यादीराव’ म्हणत, आणि हे नाव त्याने कमावलेलं होतं. उन्हाळ्यात टाळायच्या दहा चुका, बाल्कनीत तग धरणारी बारा झाडं, पाहुणे लवकर उठावेत म्हणून करायचे सात उपाय, अशा याद्या तो नऊ वर्षं रविवारच्या पुरवणीत लिहीत होता. त्यासाठी त्याला कधी खुर्चीवरून उठावं लागलं नव्हतं.

नोव्हेंबर सरत आला की पाळी यायची ती मोठ्या यादीची: ‘डिसेंबरच्या सुट्टीत सहकुटुंब भटकंती, खिशाला परवडणारी पंचवीस ठिकाणं’. काम सोपं होतं. गेल्या वर्षीची यादी उघडायची, ‘गुलाबी थंडी’ खोडून ‘बोचरी थंडी’ करायचं, क्रम खालीवर करायचा आणि चहाला जायचं. या वर्षी मात्र घोळ झाला. यादीतलं घड्याळांचं संग्रहालय पाडून तिथे गाड्यांचा तळ झाल्याचं खुद्द संपादकांनीच सांगितलं, कारण ते रोज तिथे गाडी लावत होते. उरली चोवीस ठिकाणं.

“चोवीस कर ना,” यादीराव पान लावणाऱ्याला म्हणाला.

“पंचवीस काढून झालंय. पाचाच्या शेपटीला फुगा बांधलाय बघ. चाराला कुठे बांधू?”

पान छापायला जायला अर्धा तास होता. यादीरावने डोळे मिटले, शहराच्या ज्या भागात आपण कधी गेलो नाही आणि कुणी जाईल असं वाटत नाही असा भाग आठवला, आणि लिहिलं: ‘१९. पाणीपुरवठा केंद्रामागची टेकडी. गजबजाटातला निवांत कोपरा. वरून दिसणारा सूर्यास्त लहानथोरांना खिळवून ठेवतो. प्रवेश मोफत. सोबत सतरंजी न्यावी.’

सतरंजीवर तो बेहद्द खूश झाला. सतरंजी न्यावी असं लिहिलं की लिहिणारा तिथे तासभर बसून आलाय असंच वाटतं. संपादकांनी पान पाहिलं आणि म्हणाले, “एकोणीस नंबर झकास आहे. असं काहीतरी शोधून काढत जा.”

यादीरावची बायको दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. तिथे वाट बघत बसलेले लोक दुखऱ्या गालावर एक हात ठेवून दुसऱ्या हाताने पुरवणी वाचत. त्या आठवड्यात तीन जणांनी तिला न विचारता ते पान फाडून नेलं. चौथं तिने स्वतः घरी आणलं आणि जेवणाच्या टेबलावर पसरलं.

“मी चार दिवस रजा टाकलीय,” ती म्हणाली. “ताईकडचे विमानाने कुठे कुठे निघालेत. आपल्याला ते काही जमायचं नाही, ठीक आहे. पण हे तर जमेल?”

“अगं, ते वाचकांसाठी असतं.”

“मग आम्ही कोण? मी वाचलंय, आईने वाचलंय, हिने दोनदा वाचलंय.”

‘ही’ म्हणजे त्यांची दहा वर्षांची मुलगी. तिने लाल पेन्सिलीने ठिकाणांवर खुणा करायला सुरुवातही केली होती. आई म्हणजे यादीरावच्या सासूबाई. त्या भूमापन खात्यातून निवृत्त झाल्या होत्या. पस्तीस वर्षं त्यांनी या शहराचे नकाशे हाताने काढले होते, आणि अजूनही भाजीवाल्याने वजन केलं की त्या काट्याकडे वाकून बघत.

“सगळं ठीक आहे,” सासूबाई चष्मा वर सरकवत म्हणाल्या, “पण जावईबापू, पाणीपुरवठा केंद्रामागे टेकडी नाही.”

यादीराव म्हणाला, “असेल हो आई. नवीन असेल.”

“टेकडी नवीन कशी असेल?”

“म्हणजे नव्याने प्रकाशात आलेली.”

सासूबाईंनी नातीच्या हातातून पेन्सिल घेतली आणि एकोणीसभोवती ठळक गोल काढला.

पहिल्या दिवशी ते तीन नंबरला गेले: तलावात नौकाविहार. तलाव होता, होड्याही होत्या, पाणी तेवढं नव्हतं. गाळ काढायला ते ऑक्टोबरातच सोडून दिलं होतं. वाळलेल्या चिखलात होड्या ओळीने बसल्या होत्या आणि काठावर हातात तेच पान घेतलेली वीसपंचवीस कुटुंबं उभी होती. होडीवाला मात्र डगमगला नव्हता.

“बसा की! हलत नाही म्हणून अर्धे पैसे,” तो हाका मारत होता. “फोटोत काही कळत नाही.”

लोक खरोखर बसत होते. इतक्या लांब दोन बस बदलून आल्यावर काहीतरी केल्याशिवाय परत कसं जायचं? यादीरावचं कुटुंबही बसलं. सासूबाईंनी चौघांसाठी जीवरक्षक जाकिटं मागून घेतली, कारण पाटीवर तसा नियम लिहिला होता. शेजारच्या होडीत एक जाडजूड गृहस्थ दोन मुलांना घेऊन बसला होता. तो रिकामं वल्हं हवेत मारत म्हणाला, “हे ज्याने लिहिलंय ना, तो एकदा समोर यायला पाहिजे.”

“काय कराल?” यादीरावच्या बायकोने चौकशी केली.

“त्याला इथे आणून वल्हवायला लावीन.”

तिने त्याच्या मुलांना बिस्किटं दिली आणि नवऱ्याकडे पाहिलं. नवरा जाकिटाचे बंद आवळण्यात गढला होता.

दुसऱ्या दिवशी अकरा नंबर: बिस्किटांच्या कारखान्याची मोफत सफर. फाटकावरच्या पहारेकऱ्याने सांगितलं की सफर फक्त शाळांना, तीही सहा महिने आधी पत्र पाठवलं तर. “पण साडेदहाला भट्टी उघडते,” तो मवाळ होत म्हणाला. “त्या भिंतीपाशी थांबा, वास चांगला येतो.” चाळीसेक माणसं भिंतीला लागून नाकं वर करून उभी राहिली. वास खरंच चांगला होता. पण वास घेऊन झाल्यावर पुढे काही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी यादीरावच्या पाठीत उसण भरली. बायकोने मलम लावलं. मग त्याला थोडी कणकण वाटली. सासूबाईंनी थर्मामीटर लावून तो दोनदा तपासला. मग त्याला ऑफिसातलं एक तातडीचं काम आठवलं, तेव्हा मुलगी दारात सतरंजीची गुंडाळी काखेत मारून उभी होती.

“बाबा, सूर्यास्त चुकेल.”

बसमध्ये तो खिडकीशी बसून एकच विचार करत होता. तिथे मोकळं मैदान असेल, फार तर कुंपण असेल. मग म्हणता येईल की पत्ता छापताना चूक झाली. छपाईवर ढकललेली चूक आजवर कधी परत आली नव्हती.

पण बस वळली आणि गर्दीमुळे अलीकडेच थांबली. पाणीपुरवठा केंद्राच्या कुंपणामागे खरोखर एक टेकडी होती. निदान उंच, तपकिरी आणि माणसांनी भरलेली अशी एक वस्तू होती. खाली फुगेवाला होता, कणसं भाजणारी बाई होती, गाड्या लावून देणारा शिट्टीवाला होता, आणि सतरंज्या भाड्याने देणारे तर तिघं होते. यादीरावचा जीव क्षणभर भांड्यात पडला. दुसऱ्याच क्षणी त्याला घाम फुटला. जी गोष्ट त्याने टेबलाशी बसून रचली होती, ती त्याच्यासमोर उभी होती आणि तिच्यावर पोरं चढत होती.

वाटेच्या तोंडाशी टेबल टाकून एक टोपीवाला तिकिटं फाडत होता. मागे पुरवणीतलं कात्रण चौकटीत घालून टांगलं होतं. ‘मोफत’ या शब्दावर चिकटपट्टी होती.

“पेपरात तर मोफत लिहिलंय,” यादीराव अभावितपणे बोलून गेला.

“पेपरवाल्यांना काय कळतं साहेब? ते काय इथे येऊन बघतात?” टोपीवाल्याने चार तिकिटं हातात कोंबली. तिकिटाच्या दरात माहितीही होती. तो उठून उभा राहिला आणि घोळक्याला सांगू लागला, “ही टेकडी अतिशय प्राचीन. जुन्या काळी इथून शत्रूवर नजर ठेवायचे. उंची तीस मीटर. माथ्यावर मनात धरलेली इच्छा...”

“साडेचार,” सासूबाई म्हणाल्या.

“काय आजी?”

“उंची साडेचार मीटर. आणि ही टेकडी नाही, ढिगारा आहे. मोठी जलवाहिनी टाकताना खणलेली माती इथे आणून टाकलीय. ही बघा, वीट. हा बघा, फरशीचा तुकडा. कुठल्या प्राचीन काळात फरश्या बसवायचे?”

टोपीवाल्याची बोलती बंद झाली, पण घोळक्याची सुरू झाली. “आजी, कशाला सुट्टीचा विचका करता?” एक बाई म्हणाली. “मुलं ऐकताहेत हो!” दुसरी म्हणाली. मागून कुणीतरी ओरडलं, “म्हाताऱ्या माणसांना घरी ठेवून यायचं असतं.” पस्तीस वर्षं नकाशे काढलेल्या सासूबाई हातात विटेचा तुकडा धरून उभ्या होत्या. त्यांचा चेहरा पार पडला होता. आपण खरं बोलतोय आणि लोक आपल्यालाच गप्प करताहेत, हे त्यांना नवीन होतं.

यादीरावला ते बघवलं नाही. त्याने आयुष्यात पहिल्यांदाच काही तपासून न घेता खरं सांगितलं.

“त्या बरोबर बोलताहेत! ही यादी मी लिहिलीय. टेकडी मी मनाने घातली. मी इथे कधी आलोच नव्हतो!”

मग तलावावरचा तो जाडजूड गृहस्थ गर्दीतून पुढे आला. यादीरावने डोळे मिटून घेतले.

“तुम्ही लिहिलंय?” गृहस्थ म्हणाला. “मग चिखलातल्या होडीत पैसे भरून का बसला होतात? उगाच आजींची बाजू घ्यायला थापा मारताय. जावई चांगला आहे हो आजी तुमचा.”

लोकांनी माना डोलावल्या. यादीरावने ओळखपत्र काढून दाखवलं, तर ते फक्त टोपीवाल्याने वाचलं. त्याने यादीरावचा हात दोन्ही हातांत घेतला, त्याला बाजूला नेलं आणि हळूच म्हणाला, “साहेब, उपकार झाले. मी इथला चौकीदार. वर्षभर या मातीला कुत्रं विचारत नव्हतं. तुमचं वाचून पहिल्या रविवारी दोनशे माणसं आली, ‘टेकडी कुठाय’ म्हणून माझ्याच अंगावर धावली. मी काय करणार? दाखवली ही. आता पुढच्या वर्षी जरा वर घ्या. पाच नंबरच्या आत.”

बायको हे सगळं ऐकत होती.

“आणि बाकीची चोवीस?” तिने विचारलं.

“ती आहेत. म्हणजे, असायची.”

“कधी गेला होतास?”

यादीराव बुटाच्या टोकाकडे बघत राहिला. दवाखान्यात दात उपटायच्या आधी लोक तसेच गप्प होतात, त्यामुळे तिने पुन्हा विचारलं नाही. “घरी बोलू,” एवढंच म्हणाली, आणि त्याच्या मनात आलं की आता कायमचं इथेच राहिलेलं बरं.

एवढ्यात वरून हाक आली. मुलगी केव्हाच माथ्यावर पोचली होती. तिथली पोरं खोक्यांचे पुठ्ठे बुडाखाली घेऊन पलीकडच्या उतारावरून धूळ उडवत घसरत होती. ती दोनदा खाली येऊन तिसऱ्यांदा चढली होती. केसांत माती, गुडघ्यावर खरचटलेलं, आणि तीन दिवसांत पहिल्यांदाच तिने यादीतलं पुढचं ठिकाण कोणतं असं विचारलं नव्हतं.

“आजी, तू पण ये!”

“माझे गुडघे!” सासूबाई म्हणाल्या. पण विटेचा तुकडा त्यांनी टाकून दिला. लेकीने एका बाजूने धरलं, जावयाने दुसऱ्या, आणि साडेचार मीटर चढायला त्यांना बराच वेळ लागला. वरून पाण्याच्या दोन टाक्या, तिकिटांची रांग आणि कुणाच्या तरी गच्चीवरचे वाळत घातलेले कपडे दिसत होते. सूर्य टाकीमागे गेला, तो तसाच मावळला असावा. सासूबाई सगळं बारकाईने बघत होत्या.

“आता उतरायचं कसं?” लेकीने विचारलं.

“चालत उतरणं गुडघ्यांना वाईट,” सासूबाई म्हणाल्या, साडी नीट खोचून घेतली आणि नातीच्या मागे पुठ्ठ्यावर बसल्या. कुणी अडवायच्या आत दोघी निघाल्या. खाली पोचल्यावर धुळीतून आधी खोकल्याचा आणि मग हसण्याचा आवाज आला. बायको ओठ दाबून उभी होती. मग तिनेही चप्पल हातात घेतली. यादीराव मागे राहिला, कारण त्याला कुणी पुठ्ठ्यावर बोलावलं नाही. तो चालत उतरला.

घरी बोलणं झालं ते झालं. सोमवारी यादीरावने संपादकांपुढे सगळं कबूल केलं. संपादकांनी विचारलं, “टेकडी आहे ना तिथे? लोक जाताहेत ना? मग खोटं काय?” दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात खुलासा छापून आला: ‘एकोणिसाव्या ठिकाणी मोफतऐवजी सशुल्क असे वाचावे.’ यापुढे ठिकाणं बघून मगच लिहीन, असं यादीराव म्हणाला, तेव्हा मात्र संपादकांचा चेहरा गंभीर झाला. महिन्याभरात त्याच्याकडे साप्ताहिक भविष्य आलं.

फेब्रुवारीत पाणीपुरवठा खात्याने माती उचलायची ठरवली आणि शहरात एकच ओरड झाली. ‘टेकडी वाचवा’ समिती झाली. एका संध्याकाळी टोपीवाला आणि तो जाडजूड गृहस्थ सह्या गोळा करत यादीरावच्या दारात आले. यादीरावने सही केली, बायकोनेही केली. सासूबाईंनी चष्मा लावून चार पानी अर्ज पहिल्या ओळीपासून वाचला. दुसऱ्या पानावर त्या थांबल्या, पेन मागून घेतलं, ‘तीस’ खोडून वर स्वच्छ अक्षरात ‘साडेचार’ लिहिलं आणि ‘प्राचीन’वर काट मारली.

“आजी, अहो, अर्जाचा जोर जाईल,” टोपीवाला कळवळला.

“जाऊ दे,” सासूबाई म्हणाल्या आणि सही केली.