घसरगुंडीची चड्डी

टेलरकाकांच्या लेकीने त्यांना वाढदिवसाला एक मांजर भेट दिलं, आणि तेही धड पूर्ण नाही. मांजर गावाबाहेरच्या निवाऱ्यात होतं, तिथेच राहणार होतं, आणि गाडीखाली सापडून त्याचे मागचे दोन्ही पाय कायमचे लुळे पडले होते. खर्च लेकीने लांबच्या देशातून उचलायचा आणि पालक म्हणून नाव लागायचं बाबांचं, असा सगळा मामला.

काकांचं डोकंच फिरलं. मांजर या जातीशी त्यांचं जुनं वैर. एका बोक्याने त्यांच्या दुकानात, ऐन लग्नाच्या कोटावर, आपला कार्यभाग उरकला होता.

"अगं, मी काय करू मांजराचं?" ते फोनवर म्हणाले.

"काहीच करायचं नाही बाबा. ती तुम्हाला दर महिन्याला मेसेज पाठवेल."

"कोण?"

"मांजर."

एवढी शिकलीसवरलेली मुलगी! काकांनी कपाळाला हात लावला, पण वाद घातला नाही. एकतर लेक रविवारीच फोन करायची, आणि तेवढ्या वेळात त्यांना दुसरं महत्त्वाचं काम असायचं. फोन कानाला लावून ते पायाने शिलाई मशीन चालवत. मशीनला ना दोरा, ना खाली कापड. दुकान बंद करून वर्ष होत आलं होतं. डोळ्यांनी दगा दिला, एका गिऱ्हाइकाच्या कोटाच्या दोन बाह्या दोन लांबीच्या शिवल्या गेल्या, आणि गिऱ्हाइकाच्या लक्षात यायच्या आत काकांनी शटर ओढलं ते ओढलंच. लेकीला हे कशाला सांगायचं? ती तिकडून काय करणार, जीव तेवढा टांगणीला लागणार. म्हणून मशीनची खडखड ऐकवायची आणि म्हणायचं, "मी मजेत. पोटभर जेवतो. दुकान जोरात आहे."

आणि खरोखरच मांजराचा मेसेज आला. सोबत फोटो. एक कान फाटलेली, तोंडावर सगळ्या जगाचा राग असलेली करडी मांजरी. 'प्रिय बाबा, मी मजेत आहे. पोटभर जेवते. चेंडूशी खेळते. तुम्ही माझे सगळ्यात लाडके पालक आहात. तुमची घसरगुंडी.' मागचं अंग फरशीवरून घसरत न्यायची म्हणून निवाऱ्यातल्या लोकांनी हे नाव ठेवलं होतं. काका फोटोकडे बघून हसले. मग ते चिडले, कारण मांजराच्या मेसेजला आपण हसलो हे त्यांच्या लक्षात आलं.

दुसऱ्या महिन्यात मेसेजची वाट त्यांनी पाहिली नाही. नुसताच फोन हाताशी ठेवला, आंघोळीलासुद्धा. फोटोत या वेळी घसरगुंडीला लहान बाळाचा लंगोट घातला होता आणि तो चिकटपट्टीने कसाबसा आवळला होता. तो बघून काकांचा जीव वरखाली झाला. मांजराचं दुःख राहिलं बाजूला, इतकं वाईट फिटिंग त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

पुढच्या रविवारी त्यांनी मशीनला दोरा लावला. तो ओवण्यातच अर्धी सकाळ गेली. फोटोवरून अंदाजे माप काढलं, मऊ सुती कापड घेतलं, आत पाणी शोषणारा पदर, कमरेला सैलसर इलॅस्टिक. लेकीचा फोन आला तेव्हा ते एका बाजूची टीप मारत होते आणि बोलण्यात त्यांचं लक्षच नव्हतं.

"कामात आहात का बाबा?"

"अर्जंट ऑर्डर आहे," काका म्हणाले, आणि वर्षभरात पहिल्यांदा ते खरं बोलले.

निवाऱ्यात वर्षातून एकदा पालकसभा भरायची. ज्यांनी ज्यांनी मांजरं नावावर घेतली आहेत त्यांनी येऊन आपापलं मांजर बघायचं. काका इस्त्रीचा शर्ट घालून, चड्डी कागदात गुंडाळून गेले. आपल्या लेकीच्या शाळेत ते एकाही पालकसभेला गेले नव्हते. तेव्हा दुकान खरोखरच जोरात होतं.

भिंतीवर घसरगुंडीचा मोठा फोटो होता आणि फोटोसमोर खुर्च्यांच्या दोन रांगा. एक सोडून सगळ्या खुर्च्या भरलेल्या. काकांना वाटलं, निरनिराळ्या मांजरांचे पालक असतील.

"तुमची कोणती हो?" त्यांनी शेजारच्या बाईंना विचारलं. त्या बँकेत कामाला होत्या आणि मांडीवर खेळण्यांची पिशवी घेऊन बसल्या होत्या.

"घसरगुंडी. तुमची?"

काका म्हणाले, "घसरगुंडी."

पलीकडचा दातांचा डॉक्टर वाकून म्हणाला, "मीपण तिचाच बाबा." मागच्या रांगेतून आणखी सहा जणांनी हात वर केले. बँकवाल्या बाईंनी मोबाइल काढून दाखवला. 'प्रिय आई, तुम्ही माझ्या सगळ्यात लाडक्या पालक आहात.'

आता यात वाईट वाटण्यासारखं काय होतं? ज्या मांजरीचं तोंड आजवर प्रत्यक्ष पाहिलं नाही, जिच्या नावाने लेकीवर मनात चिडलो, तिला चार आया आणि पाच बाप असले तर आपलं काय गेलं? पण वाईट वाटलं. पुडकं गुपचूप खिशात घालून घरी जावं असं काकांच्या मनात आलं.

तेवढ्यात निवाऱ्यात मांजरांचं सगळं बघणाऱ्या ताई टबमधून घसरगुंडीला घेऊन आल्या. पालकांनी एकच गलका केला. घसरगुंडीने सगळ्यांकडे एक नजर टाकली, फिसकारली आणि पाठ फिरवून बसली. काकांना ती एकदम आवडली.

"मी हिला चड्डी शिवलीय," ते उठून म्हणाले.

ताईंचे डोळे चमकले. त्यांनी मांजरीला आडवं धरलं, पाय घातले, कापड वर ओढलं आणि थांबल्या. पुन्हा ओढलं.

"काका," त्या हळूच म्हणाल्या, "शेपटी कुठून काढायची?"

खोलीत हशा पिकला. काकांनी चड्डी उलटून पाहिली. शिवण सरळ, घेर बरोबर, आणि शेपटीला जागाच नाही.

"चाळीस वर्षं विजारी शिवतोय," ते म्हणाले. "एकाही गिऱ्हाइकाला शेपूट नव्हतं हो."

दातांच्या डॉक्टरच्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत तो हसला. काकांनी मात्र कात्री मागितली. आतल्या खोलीत, जिथे ताई, लुळ्या अंगामुळे तिची तिला करता येत नसे म्हणून, दिवसातून तीनदा घसरगुंडीचं पोट दाबून लघवी काढायच्या, तिथे एका पालथ्या बादलीवर ते बसले. त्यांनी मांजरीला टेप लावून नीट माप घेतलं, भोक कापलं आणि काठाला काजाचा टाका घालायला सुई काढली. सुईत दोरा काही जाईना. एकदा, दोनदा, थुंकी लावून पुन्हा.

ताईंनी सुई घेतली आणि ओवून दिली. "डोळे दाखवलेत का? दुकान कसं चालवता मग?"

"दुकान बंद आहे," काका म्हणाले. सुईकडे बघत होते, सहज निघून गेलं.

"हिचंही जरा बरं नाहीये," ताई म्हणाल्या. "आठवडाभर नीट खात नाही. चेंडूबिंडू तर तिने कधी बघितलासुद्धा नाही."

"मग मजेत आहे म्हणून का कळवता?"

"लांबच्या माणसाला खरं कळवून काय करायचं, काका? तो काय येऊ शकतो? जीव तेवढा टांगणीला लागतो."

काकांचा हात थांबला. जवळजवळ हेच शब्द ते गेलं वर्षभर स्वतःला ऐकवत आले होते.

"मला कळवलं असतं तर मी आलो असतो," ते म्हणाले. आवाज जरा जास्तच चढला. "येता आलं नसतं तरी मला कळायला हवं होतं. मी काय नुसता फोटो बघायला आहे का?"

काकांनी टाके पुरे केले. चड्डी चढली, शेपटी बाहेर आली, घसरगुंडीने वळून कमरेपाशी हुंगलं आणि मग शांतपणे काकांच्या बोटाला कडकडून चावली. बाकीच्या आठ पालकांपैकी कुणालाही हा मान मिळाला नाही.

रविवारी फोन वाजला तेव्हा काका मशीनपाशीच होते. पाय मशीनच्या पायपट्टीवर ठेवला होता, पण चालवला नाही.

"बाबा, कसे आहात?"

तोंडावर आलेलं 'मजेत' त्यांनी गिळलं. पट्टी बांधलेलं बोट उगाचच मशीनवर फिरवलं.

"दुकान बंद आहे गं. वर्ष झालं. डोळ्यांनी दिसत नाही नीट."



"माहीत आहे मला," लेक म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

"मशीनने. खाली कापड असलं की आवाज वेगळा येतो, बाबा. तुमच्या मशीनखाली झोपून मोठी झालेय मी." "वर्षभर रिकामी खडखड ऐकत होते. विचारायचा धीर होत नव्हता. मागे एका रविवारी मात्र खरी टीप पडत होती. मला इतकं बरं वाटलं! काय शिवत होतात?"

"चड्डी. तुझ्या मांजरीची."

ती हसली, अगदी लहानपणी हसायची तशी, आणि हसता हसता मध्येच थांबली.

"बाबा, मीपण दर रविवारी मजेतच असते ना? मग मीही एक खरं सांगू?"

काकांनी पायपट्टीवरचा पाय काढला, स्टूल मशीनपासून मागे ओढलं आणि फोन दुसऱ्या, जास्त ऐकू येणाऱ्या कानाला लावला.

"सांग," ते म्हणाले. "सावकाश सांग. दुकान बंदच आहे."