ढब्बूच्या तोंडातला दोरा

शहात्तर साल. शिवणवाल्या बाईंनी मशीनला मोटार बसवून घेतली होती, तरी पाय अजून सवयीने पायडल शोधायचे. एका दुपारी झग्याची तुरपाई हातावेगळी करून त्यांनी खाली पाहिलं, तर त्यांचा कुत्रा ढब्बू पंजाने स्वतःचं तोंड ओरबाडत होता. लाळेची तार फरशीपर्यंत लोंबत होती. गिळायचा, मान ताणायचा, परत गिळायचा. ओठाच्या कोपऱ्यातून लाल दोऱ्याचं वीतभर टोक बाहेर आलं होतं.

दुपारी सुई ओवताना डोळे दगा देत, म्हणून बाई सकाळीच दहा सुया ओवून छोट्या गादीत टोचून ठेवत. तुरपाईची सुई परत टोचूनही गादीत नऊच होत्या.

उभ्या जन्मात लोंबता दोरा दिसला की बाईंनी तो ओढलाच होता. हात आपसूक पुढे गेला.

"ओढू नकोस!"

दारात नणंद होती. इस्पितळात तीस वर्षं आया म्हणून राबून आठ महिन्यांपूर्वी भावाकडे राहायला आलेली. "इथे माणसं राहतात की कुत्री?" हा तिचा रोजचा जप. ढब्बू जवळ आला की पाय वर घेऊन बसायची.

"वन्सं, नुसतं टोक आहे. अलगद..."

"अलगद मरेल तो! सुई आत रुतली असेल, तर ओढशील तसतशी फाडत जाईल. कापूही नकोस, पाणीही पाजू नकोस. गाडी बोलाव आधी."

बाईंनी बोटं मिटून घेतली. आठ महिन्यांत नणंदेचं निमूटपणे ऐकल्याची ही पहिलीच खेप.

गाडीत ढब्बूचं डोकं नणंदेच्या मांडीवर होतं. त्याने दोरा ओरबाडू नये म्हणून तिने त्याचे दोन्ही पंजे मुठीत धरले होते. मांडी लाळेने चिंब.

"गप रे मेल्या. शिवणवालीच्या घरात राहून सुई ओळखता येत नाही तुला?"

जनावरांच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला. सुई जिभेच्या मुळाशी आडवी बसली होती.

"ओढला नाहीत, फार बरं केलंत. भूल द्यावी लागेल. शेवटचं कधी खाल्लंय?"

"सकाळी सातला," बाई म्हणाल्या.

"नक्की? पोट भरलेलं असेल तर भुलेत उलटी होऊन छातीत जाते. मग सुई निघूनही उपयोग नाही. तशी तयारी ठेवावी लागते."

नणंद भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहू लागली. मग घसा खाकरून म्हणाली,

"दीडला. दूध-पाव."

"आज?"

"रोजच."

बाई वळून बघतच राहिल्या.

"बघतेस काय अशी? मुक्या जनावराला उपाशी ठेवायचं का?"

डॉक्टरांनी श्वासनळीत नळी घातली, मगच हत्यार उचललं. पाच वाजता सुई ताटलीत टणकन वाजली.

आभार वगैरे मानायची त्या घरात रीत नव्हती. दुसऱ्या दिवशी बाईंनी ढब्बूची गोधडी उचलून नणंदेच्या खाटेशी अंथरली.

डॉक्टर पुढे मोठ्या गावी गेले. त्यांचा इथला दवाखाना आता त्यांची लेक चालवते. ढब्बू आणखी सात वर्षं जगला आणि म्हातारा होऊन झोपेतच गेला. त्यानंतरच्या हिवाळ्यात नणंद गेली. बाईंनी शिवण सोडलं त्यालाही बरीच वर्षं झाली. झोपण्यापूर्वी त्या मनातल्या मनात उपकार केलेल्यांची नावं घेतात. त्यात वन्सं नवऱ्याच्या आधी येतात. नवरा हयात आहे. त्याला त्यांनी हे सांगितलेलं नाही.