पिंजरेकाकांनी भिंगाला डोळा लावला

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. माझे एक चाक फिरवताना कुरकुरते, पण नजर अजून शाबूत आहे. एका कारागिराने माझी भिंगे दिवसदिवस घासून घडवली आणि मग माझी रवानगी प्राण्यांच्या प्रयोगशाळेत झाली. इथे माणसांसाठीची नवी औषधे आधी उंदरांना देतात. त्यांच्या अवयवांचे पातळ काप काचपट्टीवर ठेवून जनावरांच्या डॉक्टरीणबाई माझ्यातून पाहतात. आपल्याला काय झाले हे उंदीर सांगू शकत नाही. ते आम्ही दोघे सांगतो.

मधली काही वर्षे वाईट गेली. पडद्यावर चित्र दाखवणारे नवे यंत्र आले आणि मी कपाटावर चढलो. ओल लागून भिंगावर बुरशी धरली. शेवटी बाईंनीच मला खाली उतरवले, कारण मला समोरासमोर दोन नळ्या आहेत आणि दोघांना एकदम पाहता येते. तेव्हापासून पिंजरेकाका मला रोज पुसू लागले. उंदरांचे पिंजरे धुण्यापासून त्यांना नळीने औषध पाजण्यापर्यंत सगळे तेच करत, म्हणून हे नाव. मात्र माझ्यातून त्यांनी कधी पाहिले नव्हते. "ते शिकलेल्यांचं काम," म्हणायचे.

एकदा आकडी येणाऱ्या मुलांसाठीचे एक औषध आले. एका गटाला ते तेलात कालवून पाजायचे होते आणि तुलनेसाठी दुसऱ्या गटाला नुसते तेल. प्रयोग संपण्याआधीच तीन उंदीर दगावले आणि तिघेही औषधाच्या गटातले; बाकीच्यांना रिवाजाप्रमाणे शेवटी मारून त्यांचेही काप केले. प्रयोगशाळेच्या मोठ्या साहेबांनी हात झटकले.

"औषध वाईट आहे. फाईल बंद करू," ते म्हणाले.

"नुसतं तेल पाजलेल्या उंदरांच्या पट्ट्याही द्या," बाई म्हणाल्या.

"ते ठणठणीत होते. त्यांचं काय बघायचंय?"

"तेच बघायचंय."

बाईंनी सगळ्या पट्ट्यांवरचे क्रमांक कागदाने झाकले आणि पट्ट्या पिसून घेतल्या, म्हणजे मनात आधीच काही भरायला नको. दोन दिवस त्या माझ्यावर वाकून बसल्या होत्या. पाच फुप्फुसांत सुजेच्या मधोमध गोल, रिकाम्या जागा दिसल्या. काप तयार करताना तेल धुऊन जाते, त्याची जागा तेवढी राहते. मग कागद काढले. तीन पट्ट्या दगावलेल्यांच्या होत्या आणि दोन नुसत्या तेलवाल्यांच्या. ते दोघे प्रयोग संपेपर्यंत तगले होते, इतकेच. औषध निर्दोष होते. पाजायची नळीच पोटाऐवजी श्वासनळीत गेली होती.

बाईंनी साहेबांच्या आधी काकांना बोलावले. "काका, समोरच्या नळीला डोळा लावा."

बाईंनी त्या गोल जागा दाखवून तिथे तेल होते हे सांगितले. काका हळूच म्हणाले, "माझ्याच हातानं गेलं हे. जवळचं नीट दिसत नाही मला, बाई. चष्म्याचं दोन वर्षं ढकलत आलो."

"साहेबांना आपण दोघं सांगू," बाई म्हणाल्या.

साहेब रागावले, मग शांत झाले. काकांना चष्मा लागला. प्रयोग पुन्हा झाला, तेव्हा सगळी फुप्फुसे स्वच्छ निघाली आणि औषध पुढच्या तपासणीला गेले. त्या दिवशी मला फार बरे वाटले. मात्र नव्या प्रयोगात आणखी उंदरांचे जीव गेले, हेही मी विसरलेलो नाही.

आता मी खिडकीजवळ सुखात आहे. शेजारच्या डबीत त्या तीन पट्ट्या जपून ठेवल्या आहेत. औषध पाजायला कुणीही नवीन आले की काका आधी स्वतःचा चष्मा पुसतात, मग माझे भिंग, आणि त्याला माझ्यासमोर बसवतात.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंवरची धूळ पुसत जा, आणि आपल्या नजरेवरचीही. मुक्या जीवाला हात लावण्याआधी काका जे सांगतात, तेच माझेही मागणे समजा: "आधी हे तिघं बघ. मग नळी हातात घे."