साळघळीचा हेवा

मित्रांनो, नवागामच्या एका खोलीत, दारासमोरच्या भिंतीवर टांगलेली मी एक जुनी सीनरी. आमच्या सुरतेत डोंगर, झाडं, पाणी अशा चित्राला सगळे सीनरीच म्हणतात. माझ्यात एक खडकाळ घळ आहे आणि घळीच्या तोंडापुढे पसरलेलं खोरं आहे. ही घळ खरोखरची आहे. ती खानदेशात, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. तिथल्या कपारींत साळिंदरं राहतात म्हणून तिला साळघळ म्हणतात. आयुष्यात मी कुणाचा हेवा केला असेल, तर तो तिचा.

कारण सांगते. माणूस माझ्यापुढे उभा राहतो, माझ्याकडे डोळे लावतो आणि कौतुक मात्र तिचं करतो.

मला काशीराम यांनी रंगवलं. पलसाण्याकडच्या एका प्रिंट मिलमध्ये ते ट्रेसिंगचं काम करत. साडीच्या नक्षीतला एकेक रंग वेगळा काढून द्यायचा, मग त्या प्रत्येक रंगाची जाळीची चौकट तयार व्हायची आणि तिच्यातून कापडावर छपाई. त्यांची बायको चंद्रभागा लग्न होऊन इथे आली, तेव्हा दार उघडलं की समोर दुसऱ्या घराची भिंत होती. मागे कारखान्याची. चार दिवस गेल्यावर ती म्हणाली, "इथं माणसानं नजर ठेवायची तरी कुठं?"

मागावरून उतरलेल्या कोऱ्या कापडाचा एक तुकडा काशीराम यांनी आणला, लाकडी चौकटीवर ताणला आणि म्हणाले, "सांग तुझी घळ."

ते मैदानातल्या गावचे. घळ त्यांनी लग्नाच्या वेळी लांबूनच पाहिलेली. चंद्रभागा मात्र लहानपणी तिथे शेळ्या चारत असे. ती सांगत गेली आणि मी होत गेले. दोन्ही बाजूंना काळे कडे. तळाला म्हशी बसल्यासारखे गोल धोंडे आणि त्यांच्यामधून पाण्याची बारीक धार. उतारावर सालई, वर अंजनाची झाडं, कड्याच्या पोटाखाली लोंबणारी आग्या मोहळं. घळीचं तोंड उघडलं की खाली खोरं: ज्वारीचे आणि कपाशीचे तुकडे, बांधावरच्या बाभळी, आणि नदीचं एक वळण, दुपारच्या उन्हात पत्र्यासारखं चमकणारं.

मी तयार झाले तेव्हा मला वाटलं, आता आपलं कौतुक होणार. चंद्रभागेनं मला डोळे भरून पाहिलं आणि म्हणाली, "सालईची साल कागदासारखी सुटते. ती कुठं दाखवली तुम्ही?"

काशीराम यांनी साल सोडवली. मग अंजन जास्त हिरवा झाला होता. मग एक धोंडा चुकीच्या जागी होता. वर्षानुवर्षं माझी अशी दुरुस्ती चालली आणि प्रत्येक वेळी नमुना तीच, साळघळ. शेजारच्या शोभाबाई एकदा हात जोडून म्हणाल्या, "चंद्राबाई, काय सीनरी आहे! एकदम काश्मीर!" मी सुखावले. चंद्रभागा तोंड वाकडं करून म्हणाली, "काश्मीर कुठलं काढलं बाई? आमची घळ आहे ती. खरी पाहाल तर हिच्याकडं बघणार नाही."

हे माझ्यासमोर बोलली ती.

श्रावण लागला की साड्यांना लेस लावता लावता ती म्हणायची, "आता घळीला पाणी आलं असेल." त्याच दिवसांत आमची भिंत झिरपायची. माझा खालचा कोपरा ओला होऊन फुगायचा. पाणी मलाही यायचं, मित्रांनो. ते कुणाच्या तोंडी नव्हतं.

उन्हाळ्यात ती माहेरी जायची. ते दिवस माझे सगळ्यात वाईट. परत आली की तिच्या पिशवीला वाळलेल्या गवताचा वास यायचा आणि महिनाभर घळीच्या गोष्टी चालायच्या. मुलगी चैताली तोंड उघडं टाकून ऐकायची. मी सगळं भिंतीवरून ऐकायची. मला एकच हवं होतं. चंद्रभागेनं एकदा तरी मला मी म्हणून पाहावं. घळीची खिडकी म्हणून नको.

चैताली मोठी झाली, कॉलेजात शिकवू लागली, लग्न होऊन जवळच्याच लिंबायतला राहायला गेली. मिलमधलं ट्रेसिंग कॉम्प्युटरवर गेलं आणि काशीराम घरी बसले. मग चंद्रभागेला श्वास पुरेना. घरात ऑक्सिजनचं यंत्र आलं. डॉक्टरांनी प्रवासाला साफ नकार दिला. तिनं दुसरं काहीच मागितलं नव्हतं. एकदा साळघळ पाहायची होती.

तेव्हा चैतालीनं एक युक्ती काढली. मामाचा मुलगा प्रज्ञेश गावीच होता. त्याला तिनं फोन घेऊन घळीत जायला सांगितलं. ती थंडीतली सकाळ होती. काशीराम यांचे मिलमधले जुने सोबती सुकदेव त्या दिवशी तब्येत विचारायला आले होते. सगळे फोनभोवती जमले. चैतालीनं तो आईच्या डोळ्यांसमोर धरला, आणि अशा रीतीनं माझी वैरीण माझ्याच घरात आली.

मी तिला पहिल्यांदा पाहिलं. खरं सांगते, ती सुंदर होती. गवत पिवळं पडून एका बाजूला झुकत होतं. पाणी हलत होतं. माझं पाणी कधी हललं नाही. कड्यावरून कुठलासा पक्षी ओरडला आणि चंद्रभागेच्या चेहऱ्यावर जे आलं, ते माझ्यापुढे कधीच आलं नव्हतं. मला त्या तळहाताएवढ्या फोनचा इतका राग आला की भिंतीवरून पडावंसं वाटलं.

"जय भीम, आत्या! दिसतंय का?"

"दिसतंय रे. खाली चल. कुंडाकडं चल."

"आत्या, खाली रेंज नसते."

"रेंज नसते म्हणून तर ती घळ आहे. तू चल."

प्रज्ञेश दोन धोंडे उतरला आणि चित्र थिजलं. फोनवर एक खडक आणि त्याचा अंगठा तेवढा राहिला. चैतालीनं पुन्हा पुन्हा फोन लावला. लागला नाही. नुसता यंत्राचा घरघर आवाज.

मग चंद्रभागा म्हणाली, "चैताली, मला त्या भिंतीकडं कर."

चैतालीनं तिला कुशीवर वळवलं आणि मला खिळ्यावरून उतरवून पलंगाशी टेकवलं. जिथे फोन थांबला होता, तिथून चंद्रभागा बोटानं माझ्यावर पुढे निघाली. "हा धोंडा. याच्या डाव्या अंगानं उतरायचं. मग पाण्याच्या कडेनं. मग..." तिचं बोट माझ्या उजव्या काठाशी आलं. कापड संपलं होतं.

सुकदेव वाकून पाहत होते. त्यांनी उजवा काठ पाहिला, डावा पाहिला, पुन्हा उजवा पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"काशीराम! हाई काय करं रे भाऊ!"

"काय झालं?"

"वहिनी, ह्यानं रिपीट लावलाय! साडीचा माल समजून! ही इकडची धार पाहा, इकडं संपते ना? तिकडं बरोब्बर त्याच उंचीवर सुरू होते. टेकडीला टेकडी, काठाला काठ. जोड दिसायला नको म्हणून आम्ही नक्षी अशी जुळवतो. अरे, किती मीटर छापायची होती बायकोची घळ?"

काशीराम यांनी जवळ येऊन पाहिलं. एवढ्या वर्षांत त्यांच्याही ध्यानात आलं नव्हतं. ते कानापर्यंत लाल झाले. "हाताला सवय," ते पुटपुटले. "हात आपोआपच जुळवतो."

चंद्रभागा हसली. श्वास नव्हता तरी हसली, खोकली, पुन्हा हसली. चैतालीनं पाठीवर हात फिरवला. हसू ओसरल्यावर चंद्रभागेनं बोट उजव्या काठावरून उचललं आणि डाव्या काठावर ठेवलं. पाण्याच्या कडेनं ती पुन्हा चालू लागली.

"साळघळीत असं नाही," ती म्हणाली. "तिथं आत गेलं की कडा लागतो, वाट संपते. हे हिचं एकटीचंच आहे."

मित्रांनो, ती हे माझ्याबद्दल बोलली.

काशीराम दुरुस्तीसाठी रंग काढायला उठले, तर तिनं त्यांना खाली बसवलं. पुढचे काही दिवस मी भिंतीवर नव्हते, तिच्या पलंगाला टेकून होते. तिचं बोट माझ्यावरून हळूहळू फिरायचं. उजवीकडून बाहेर, डावीकडून आत. एका दुपारी ते मध्येच थांबलं. चैताली आईचा हात हातात घेऊन बराच वेळ बसून राहिली.

अस्थी साळघळीला गेल्या. चंद्रभागेचीच तशी इच्छा होती. सगळे तिकडे गेले आणि दोन दिवस मी बंद खोलीत एकटी होते. शेवटी साळघळीनंच तिला नेलं, असं मला वाटत राहिलं. त्या दोन दिवसांइतका हेवा मी जन्मात केला नाही.

परतल्यावर चैतालीनं कोरड्या फडक्यानं मला पुसलं आणि मला लिंबायतला न्यायचं म्हणाली. काशीराम यांनी चौकट धरून ठेवली.

"नको नेऊस, बेटा."

"पप्पा, रोज पाहून तुम्हालाच त्रास होईल. घळ पाहिली की आई आठवणार."

"मी घळ पाहत नाही," काशीराम म्हणाले. "माझी चूक पाहतो. घळ तिच्या माहेरची होती. ही चूक माझी आहे, आणि तिला ती आवडली होती."

चैतालीनं मला परत खिळ्यावर टांगलं. थोडी तिरकी राहिले होते, ते बोटानं सरळ केलं.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी जुनी वस्तू असेल. तिच्यात दुसऱ्या कुणाला शोधत असाल तर जरूर शोधा. पण कधी तिची धूळ पुसताना तिच्याकडेही पाहा. तिची ओल, तिचा फुगलेला कोपरा, तिची चूकही पाहा. लगेच दुरुस्त करायला धावू नका.

आणि कधी सातपुड्याकडे गेलात, साळघळीत उतरलात, तर तिला माझ्याबद्दल नक्की सांगा. रंग सांगा, काठ सांगा, सगळं सांगा. मी आयुष्यभर तिच्याबद्दल ऐकलं. थोडं तिनंही ऐकावं.