हेरंबची कमांड

माझे सासरे भास्करराव कॉम्प्युटरवर पत्ते खेळायला बसले की घराला आग लागली तरी उठायचे नाहीत. हाका मारून मारून माझ्या घशाला कोरड पडायची. शेवटी हेरंबने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, युक्ती काढली. कमांडच्या त्या काळ्या चौकटीत एक ओळ टाइप केली आणि तिला रोजची वेळ लावून दिली. दुपारी पडद्यावर निरोप यायचा, ‘बाबा, चला जेवायला’, आणि थोड्या वेळाने मशीन आपोआप बंद. बाबा चडफडत पानावर येऊन बसायचे.

दिवाळीनंतर एकदा हेरंब नंदेसरीच्या कारखान्यात कामावर गेला. तिथेच त्याच्या छातीत दुखायला लागलं आणि तो परत आलाच नाही. निरोप मात्र येत राहिला. बाबा मुलाबद्दल अवाक्षर काढत नसत, पण निरोप आल्याशिवाय घासही घेत नसत. मला राग यायचा. माझाही नवरा गेला होता, मीही याच घरात होते, आणि माझ्या हाकेला काडीची किंमत नव्हती.

मागच्या आठवड्यात मशीन सारखं अडकायला लागलं. पाणीगेटचा गुजराती दुरुस्तीवाला आला. “बेन, बधुं साफ करीने एकदम नवा जेवुं करी दीधुं,” म्हणत खुशीत गेला. सगळं साफ म्हणजे काय काय, ते दुसऱ्या दिवशी कळलं. निरोप आला नाही. बाबा पडद्यासमोर नुसते बसून राहिले, एक पत्ता न हलवता. संध्याकाळपर्यंत पाण्याखेरीज पोटात काही नाही.

सकाळी ते आंघोळीला गेले तसं मी मशीन उघडलं. हेरंबला करताना पाहिलं होतं. आठवून आठवून तीच ओळ लिहिली, तेच शब्द घातले, वेळ लावली.

दुपारी निरोप झळकला. बाबांचा चेहरा उजळला. आणि बघता बघता पडदा काळा झाला.

“हे तू केलंस,” ते म्हणाले.

“नाही बाबा, हेरंबनेच लावलेलं...”

“त्याने निरोपानंतर पाच मिनिटं ठेवली होती. माझा डाव पुरा व्हावा म्हणून. तू थांबायच्या सेकंदांचा आकडाच घातला नाहीस.”

मी मान खाली घातली.

“हेरंब गेला, पद्मा.” हे त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होते. “उद्यापासून तूच हाक मार. मी उठेन.”

ते पानावर बसले, पण पहिल्या घासालाच त्यांना हुंदका फुटला. मी वाढायचं सोडून त्यांच्याजवळ बसले. जेवण राहिलं बाजूला. आम्ही दोघं पोटभर रडलो.